पाण्यात बोट, बाहेर मोल

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. जनावर पाण्यात बुडालेले असताना काठावर उभे राहून त्याची किंमत ठरवू नये, असा तिचा मतलब. ही म्हण जुनी शिडाची बोट विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला जितकी अक्षरशः लागू पडते तितकी क्वचितच कुणाला लागू पडत असेल. बोटीचा जो भाग माणसाचा जीव तारतो तो पाण्याखाली असतो आणि जाहिरात मात्र पाण्यावर दिसणाऱ्या सामानाची होते.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, अमेरिकेत, भूमध्य समुद्राच्या काठी असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे स्वतःची शिडाची बोट बाळगतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर घर बंद करून वर्ष-दोन वर्षे समुद्रावर संसार थाटणारी जोडपीही तिकडे दुर्मीळ नाहीत. पुढे वय होते, गुडघे कुरकुरू लागतात, नातवंडांची ओढ वाटू लागते आणि एके दिवशी बोट विकायला निघते. जाहिरातीचा मजकूर बहुधा ठरलेला असतो. दूरच्या सफरीसाठी सर्व सोयींनी सज्ज! मग लांबलचक यादी: शिडांचे दोन संच, रडार, उपग्रहाच्या मदतीने ठावठिकाणा सांगणारे यंत्र, स्वयंचलित सुकाणू, सौर पट्ट्या, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, संकटकाळचा फुगवता तराफा, तीन नांगर आणि बोट हेलकावली तरी पातेले आडवे होऊ न देणारी झुलती शेगडी.

या यादीतल्या एकेका वस्तूमागे एकेक प्रसंग असतो. दुसरा नांगर का घेतला, तर एका रात्री पहिला तळ सोडून घसरला होता म्हणून. पाण्याचे यंत्र का बसवले, तर एकदा आठवडाभर पाणी मोजून प्यावे लागले होते म्हणून. मालक किंमत ठरवायला बसतो तेव्हा बोटीच्या किमतीत या सगळ्या वस्तूंची किंमत मिळवतो आणि नकळत त्या रात्रींचीही मिळवतो. बाजार यांतले फार थोडे धरतो. शीड उन्हाने आणि वाऱ्याने विरत जाते. डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा साधारण दहा वर्षांनी बदलाव्यात असा संकेत आहे. यंत्रे तर बसवली त्या दिवसापासून जुनी होऊ लागतात. तराफा वेळच्या वेळी तपासून घेतलेला नसेल, तर तो तराफा नव्हे, नुसते ओझे. लाखाच्या वस्तूचे हजार आले तरी पुष्कळ, असा हा व्यवहार आहे.

घेणारा शहाणा असेल तर तो यादी वाचत बसत नाही. तो तपासनीस आणतो आणि बोट पाण्याबाहेर काढायला लावतो. म्हैस बाहेर आली! तपासनीस एक लहानशी हातोडी घेऊन तळावर टकटक करीत फिरतो. बाजारात माठ घेताना आपली आई टिचकी मारून कान देते, तसाच हा प्रकार. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला तर आत काहीतरी सुटले आहे. फायबरच्या तळाला ओल धरून फोड आले आहेत का, तळाचा जड कणा ज्या बोल्टांनी धरला आहे ते गंजले आहेत का, सुकाणूचा खीळ ढिला झाला आहे का, हे तो पाहतो. झुलती शेगडी किती छान झुलते याची नोंद त्याच्या अहवालात नसते.

या सगळ्यात एक मोठा धडा आहे आणि तो शिकवणारी बोट योगायोगाने आपल्या मुंबईत बांधली गेली. तिचे नाव ‘सुहेली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज दर्यावर्दी 1960च्या दशकात व्यापारी जहाजावर अधिकारी होता. त्याने मुंबईत सागवानी लाकडाची, दोन डोलकाठ्यांची, 32 फुटांची ही बोट भारतीय सुतारांकडून बांधून घेतली. 1964च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली. मुंबईहून ती त्याने इंग्लंडला नेली. तिथे गेल्यावर त्याच्या मनाने घेतले, की एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची. तोवर हे कुणी केले नव्हते. या कामी ‘सुहेली’ त्याला अपुरी वाटली. ती जड, संथ आणि जुन्या वळणाची होती. म्हणून त्याने 53 फुटांच्या नव्या पोलादी बोटीचा आराखडा करून घेतला आणि पैसे उभे करण्यासाठी ‘सुहेली’ चक्क विकायला काढली.

ती विकली गेली नाही. नव्या बोटीसाठी पैसे देणाराही भेटला नाही. शेवटी नाइलाजाने, आहे त्याच बोटीतून तो 14 जून 1968 रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून निघाला. एव्हाना एका वृत्तपत्राने या प्रदक्षिणेसाठी बक्षिसे जाहीर केली होती. निरनिराळ्या दिवशी एकूण नऊ जण निघाले आणि पुरी प्रदक्षिणा करून परत आला तो एकटा नॉक्स-जॉन्स्टन. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी तो फाल्मथला पोहोचला.

या 312 दिवसांत बोटीवरच्या सामानाचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या. पावसाचे पाणी धरून त्याने दिवस काढले. बिनतारी यंत्र बंद पडले आणि कित्येक महिने तो जिवंत आहे की नाही हे जगाला कळेना. स्वयंचलित सुकाणू मोडले, तेव्हा शिडांचा तोल साधून बोट आपली आपण चालेल अशी युक्ती त्याने केली. इंजिनही निकामी झाले. जाहिरातीत ज्या गोष्टी ठळक टाइपात छापायच्या, त्या एकामागून एक गेल्या. टिकला तो सागवानाचा सांगाडा. त्यालाही सुरुवातीलाच तळाशी गळती लागली होती. पण गळती कुठे आहे हे मालकाला ठाऊक होते. त्याने समुद्रात बुड्या मारून सांध्यांत कापूस ठासला, वर कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला आणि पुढे निघाला.

त्याच शर्यतीत डोनल्ड क्रोहर्स्ट नावाचा गृहस्थ होता. त्याची ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ ही बोट नवीकोरी, तीन सांगाड्यांची आणि नाना विद्युत्-करामतींनी नटलेली असणार होती. प्रत्यक्षात वेळ अपुरा पडला. बोटभर वायरी फिरवलेल्या होत्या, पण त्या ज्या यंत्राला जोडायच्या ते यंत्रच तयार नव्हते. धंद्याचे आणि घरादाराचे भवितव्य त्याने या सफरीला बांधून टाकले होते. गळकी बोट घेऊन दक्षिण महासागरात जाण्याची छाती होईना, आणि परत यावे तर दिवाळे. अखेर तो अटलांटिकमध्येच भटकत राहिला आणि बिनतारी यंत्रावरून आपण कुठल्या कुठे पोहोचल्याचे खोटे ठिकाण कळवत राहिला. जुलै 1969 मध्ये त्याची बोट निर्मनुष्य सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले 5000 पौंडांचे बक्षीस त्याच्या कुटुंबाला देऊन टाकले. ती बोट पुढे जमैकात विकली गेली आणि शेवटी केमन ब्रॅक बेटाच्या किनाऱ्यावर कुजत पडली.

क्रोहर्स्टला हसण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. बोटीचा दोष त्याला ठाऊक होता. तो उघड बोलण्याची वेळ त्याने हुकवली आणि मग ती पुन्हा आली नाही. जुनी वस्तू विकणाऱ्यापुढेही हाच पेच लहान रूपात उभा असतो. परवाच्या वादळात डोलकाठीच्या बुडाशी केसाएवढी चीर गेली आहे. सांगावे की वरून रंग मारावा? ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत’ हा बाजाराचा न्याय आहे आणि विलायतेतला खासगी सौदाही पुष्कळसा त्याच न्यायाने चालतो. पण स्कूटर बंद पडली तर माणूस ढकलत घरी येतो. बोट किनाऱ्यापासून पाचशे मैलांवर दगा देते तेव्हा ढकलायला रस्ता नसतो. आणि बोटीत बहुधा एकटा पुरुष नसतो. त्याची बायको असते, मुले असतात.

म्हणून जुन्या बोटीबरोबर द्यावयाची सर्वांत मोलाची वस्तू रडारही नव्हे आणि शिडेही नव्हेत. ती आहे मालकाची वही. कोणत्या वर्षी कोणती तार बदलली, कुठे खडकाला घासली, कुठे पाणी झिरपते आणि कशाने थांबते, हे जिच्यात लिहिले आहे ती वही. दोष सांगितल्याने किंमत थोडी उतरते हे खरे. पण एक दोष सांगणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो, आणि ज्या सौद्यात तळ कुणालाच पूर्ण दिसत नाही त्यात विश्वासाइतके चलनी नाणे दुसरे नाही.

आणखी एक गोष्ट. मनाजोगी किंमत येईना म्हणून बोट धक्क्याला बांधून ठेवणे हाही एक मोह आहे. बंदराचे भाडे चढत राहते आणि बोट खंगत जाते. ‘सुहेली’ 1997 साली लंडनमध्ये ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात मानाने ठेवली गेली. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या. दक्षिण महासागराला न हरलेली बोट छपराखाली मरू लागली! 2002 साली मालकाने तिला तिथून बाहेर काढले, पुढे वर्षानुवर्षे दुरुस्ती केली आणि ती पुन्हा पाण्यात उतरवली. बोट पाण्यातच जगते. आपल्याला नेणे होत नसेल तर नेणाऱ्याच्या हाती ती दोन पैसे कमी घेऊन द्यावी, यात तोटा नाही. ‘तृष्णा’ ही इंग्लंडमधून घेतलेली वापरलेली बोटच होती. तिच्यातून आपल्या लष्कराच्या इंजिनिअर दलाच्या जवानांनी 1985 ते 1987 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली, भारतीयांनी शिडाच्या बोटीतून केलेली पहिली. कुणीतरी ती वेळेवर विकली होती म्हणून हे घडले.

आपल्यातल्या बहुतेकांना बोट विकायची वेळ येणार नाही. पण वडिलांची स्कूटर, आजीचे शिवणयंत्र, गावाकडचे पावसात गळणारे घर, यांतले काहीतरी विकण्याची वेळ प्रत्येक घरावर केव्हातरी येते. तेव्हा यादी करायला बसावे, पण पहिल्या ओळीत ‘सर्व सोयींनी सज्ज’ असे लिहू नये. कुठे गळते ते लिहावे. आठवणी आपल्याजवळ ठेवाव्यात. त्यांना गिऱ्हाईक नसते. आणि किल्ली देताना नव्या मालकाला हाताला धरून ती गळती दाखवून द्यावी. पहिल्या पावसात तो आपल्याला शिव्या देणार नाही. भांडे कुठे ठेवायचे ते त्याला ठाऊक असेल.