बुडाले ते आणि उरले ते

कोयना प्रकल्पाने महाराष्ट्राला काय दिले, हे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. पोफळीच्या वीजगृहातून १९६२ साली वीज वाहू लागली, १९६४ साली धरण पुरे झाले आणि राज्याच्या उद्योगधंद्यांना भक्कम आधार लाभला. परंतु लाभहानीच्या या हिशेबात एक रकाना अपुराच राहिला आहे. तो आहे अर्धवट बुडालेल्या गावांचा.

नदीकाठच्या खाचरांत भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी, असा या खोऱ्यातील शेतीचा पिढ्यान् पिढ्यांचा मेळ होता. शिवसागराचे पाणी चढले ते प्रथम खाचरांवर. गावाचे पोट पाण्याखाली गेले आणि वरकस तेवढे उरले. अनेक कुटुंबे सांगली-सोलापूरकडे आणि कोकणात विखुरली. काही मात्र पाण्याच्या रेषेवर सरकून तिथेच राहिली. त्यांनी जे गमावले ते सारेच एकर-गुंठ्यांत मोजता येणारे नव्हते. बाजाराची वाट, सोयरिकीची गावे, दुखणाईताला वैद्याकडे नेण्याचा रस्ता, हे कोणत्याही मोबदल्याच्या तक्त्यात बसत नाही. कांदाटी खोऱ्यातील माणसाला पलीकडच्या काठावर जाण्यासाठी लाँचची वाट पाहत बसावे लागले.

पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने याच परिसरावर घाला घातला. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ साली आला; तोवर कोयनेचे पाणी चढून एक तप उलटले होते. १९८५ साली उरलेल्या रानावर अभयारण्याची आणि २०१० साली व्याघ्र प्रकल्पाची मुद्रा उमटली. म्हणजे खाली पाणी आणि वर राखीव जंगल, अशा कात्रीत ही वस्ती सापडली. वीज हवी, वाघही जगला पाहिजे, हे कोणीही मान्य करील. पण दोहोंची किंमत त्याच त्या माणसांनी किती वेळा मोजावयाची?

गाव म्हणजे सातबाऱ्यांची बेरीज नव्हे. त्याचा निम्मा भाग बुडाला, तर उरलेला निम्मा सुरक्षित राहिला असे मानणे ही शुद्ध आत्मवंचना होय. बुडालेल्या जमिनीच्या प्रलंबित हक्कांचा निकाल तर लावावाच. शिवाय उरलेल्या गावांनाही प्रकल्पाची झळ बसलेली गावे मानून रस्ता, दवाखाना व उपजीविका यांची जबाबदारी शासनाने स्वीकारावी. ज्यांच्या शेतावरील पाण्याने राज्यात दिवे लागले, त्यांच्याबाबतीत हा उपकाराचा नव्हे, ऋणफेडीचा प्रश्न आहे.