गुहेतला मासा आणि मोबाइलचा फ्लॅश

गेल्या हिवाळ्यात वडनेर भोलजीचा एक तरुण ताप-खोकला घेऊन आमच्या सरकारी दवाखान्यात आला. तपासताना त्याने मोबाइल पुढे केला. ‘डॉक्टरसाहेब, बिनडोळ्यांचा मासा!’ फोटोत एक पांढुरका डाग आणि भोवती धुकं, एवढंच दिसत होतं. गावावरून जाणाऱ्या महामार्गाने रायपूर, तिथून जगदलपूर गाठून तो मित्रांसोबत कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातली कोटमसर गुहा पाहून आला होता.

गुहेचं नाव ऐकून मी त्याची छाती पुन्हा तपासली. वटवाघळांच्या विष्ठेत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. वाळलेली विष्ठा पायाखाली येऊन धूळ उडाली की तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात जातात आणि एक ते तीन आठवड्यांत ताप, खोकला सुरू होऊ शकतो. एक्स-रे क्षयरोगासारखा दिसू शकतो, त्यामुळे चुकीचे उपचार होण्याची भीती असते. गुहेत जाऊन आला असाल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. या तरुणाचा खोकला साधाच निघाला.

माझ्या मनात मासा मात्र राहिला. बोटाच्या दोन पेरांएवढा हा जीव बिनडोळ्यांचा नाही. त्याचे डोळे खुरटलेत आणि रंग उडालाय. तो बरीच वर्षं ज्या जातीचा मानला गेला, तिचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये केलं, तेही आपल्या पुण्याच्या माशावरून! उजेडातल्या नदीतला हा भाऊबंद अंधारात कसा जगतो, हे रायपूरच्या संशोधकांनी अभ्यासलं. १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं, की खाण्याची वेळ बदलली तर प्रकाशाला प्रतिसाद देण्याची या माशाची दैनंदिन लयही बदलते. रात्रपाळीच्या रुग्णांना जेवणाची वेळ पाळायला सांगताना मला हा मासा आठवतो.

म्हणूनच त्याला वर आणण्यासाठी पाण्यात मुरमुरे टाकणं मला फ्लॅशइतकंच खटकतं. एकट्याने टाकले तर फार बिघडणार नाही, पण रोजच्या सहलींनी टाकले तर?

चांगल्या फोटोचं मोल मी नाकारत नाही. मेघालयातल्या गुहेत २०१९ मध्ये जगातला सर्वांत मोठा गुहावासी मासा नोंदवला गेला. त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळालं २०२३ मध्ये. डोळ्यांनी पाहिल्याच्या नुसत्या गप्पांवर असं काही मान्य होत नाही, चित्रं आणि नमुने लागतात. पण ते काम करणारे लोक गाळ बसेपर्यंत थांबतात आणि दिवा कॅमेऱ्यापासून दूर, बाजूला धरतात. मोबाइलचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या कणांवरून उजेड थेट भिंगात परततो. त्या फोटोतलं धुकं हेच होतं.

माझं मत विचाराल तर ओढ्यापाशी पर्यटकांना फोटोबंदी असावी आणि अभ्यासकांनी काढलेली मोठी छायाचित्रं गुहेच्या दाराशी लावावीत. लोकांना मासा नीट दिसेल, माशाला लोक दिसणार नाहीत.

पावसाळ्यात पाणी भरत असल्याने गुहा बंद असते. दिवाळीनंतर तो तरुण पुन्हा जायचं म्हणतोय. त्याला एन-९५ मास्क न्यायला सांगितलंय, आणि मुरमुरे स्वतःच खायला.