नरसाळ्याचा चढ

वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात भाचीला घेऊन गेलो, तेव्हा माझा बेत अगदी साधा होता. ती हिंडेल, मी बसेन. गुडघ्यांनी हल्ली माझ्या वतीनं निर्णय घ्यायला सुरुवात केली आहे. बसायला जागा मिळाली ती दुहेरी शंकूच्या समोर.

दोन शंकू तळाला तळ लावून चिकटवले की मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता असा जो आकार होतो, तो तिथे दोन रुळांवर ठेवलेला असतो. रूळ एका बाजूला खाली असतात आणि जवळजवळ असतात. दुसरीकडे ते उंच होत जातात आणि एकमेकांपासून फाकतात. शंकू खालच्या टोकाला ठेवून हात काढला की तो आपला आपण चढ चढून वर जातो. पहिल्यांदा बघताना पोटात जरा हलतं. निदान माझ्या तरी.

मनगटावर घड्याळ होतं आणि दुसरा उद्योग नव्हता, म्हणून लोक किती वेळ थांबतात ते मोजू लागलो. बहुतेक घराणी अर्ध्या मिनिटाच्या आत पुढे सरकत होती. क्रमही ठरलेला. आधी बाबा पाटी मोठ्यानं वाचणार, त्यातला ‘गुरुत्वमध्य’ जरा दमानं. मूल मान डोलावणार. मग शंकू एकदा सोडायचा, एक फोटो, आणि ‘चल, अजून केवढं बघायचं राहिलंय’. प्रश्न पडायच्या आत उत्तर हातात. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचून दाखवावं तसं.

त्यांना नावं ठेवायचा हक्क मला नाही. शाळेत असताना आमची सहल अशाच एका ठिकाणी गेली होती. जोडीजोडीनं रांग, तोंडावर बोट आणि शेवटी वहीत दहा ओळी. आम्ही दिसेल ते बटण दाबायचो आणि दिवा लागायच्या आत पुढच्या बटणाकडे पळायचो. काचेच्या कपाटांसमोर ‘हात लावू नये’ असं वाचून वाढलेल्या पोरांना हात लावायची मुभा हीच इतकी मोठी चैन होती की पुढे काय होतं ते बघायला फुरसत कोणाला!

हात लावणं आणि थांबणं यांतला हा फरक ज्यानं फार गंभीरपणे घेतला, तो फ्रँक ओपनहायमर. अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचा धाकटा भाऊ, स्वतःही पदार्थवैज्ञानिक. पूर्वी कधीतरी कम्युनिस्ट पक्षात होता, त्यापायी १९४९ साली त्याला विद्यापीठ सोडावं लागलं. कोलोरॅडोत त्यानं गुरं पाळली, मग तिथल्याच एका छोट्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवलं. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं एक्सप्लोरेटोरियम उघडलं, ते या शाळामास्तरकीच्या शिदोरीवर, असं मला वाटतं. संग्रहालयात कोणी नापास होत नाही, असं तो म्हणत असे. प्रयोग जिथे बनत ती कर्मशाळाही लोकांच्या नजरेसमोरच होती, ठोकाठोकीसकट. माहिती द्यायला उभी असत ती शाळकरी वयाची मुलं. गायीचा डोळा कापून आत काय असतं ते दाखवण्याचं कामही त्यांच्याकडेच! आपल्याकडे ते जमायचं नाही, तो भाग वेगळा. आणि प्रयोग कसे बांधायचे याची पुस्तकंच त्यांनी छापली, नावही सरळ ‘कुकबुक’. पाककृती मोकळी केल्यावर ती घरोघर शिजणारच. जगभरच्या विज्ञान केंद्रांत सारखीच खेळणी दिसतात ती त्यामुळे.

आपल्या वरळीत हे तुकड्यातुकड्यानं उभं राहिलं. १९७७ साली प्रकाशाबद्दलचं दालन, १९७९ साली, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालवर्षात, बाहेरचं उद्यान आणि १९८५ साली पूर्ण केंद्र.

तर मी बाकावर. भाची पाटी न वाचता आली, कारण पाटी वाचणारा मामा बसून होता. तिनं शंकू सोडला. परत आणला. परत सोडला. चौथ्या वेळी तिथली मदतनीस ताई शेजारी येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता गुरुत्वमध्य येणार. ती म्हणाली, ‘‘खाली बस आणि फक्त टोकाकडे बघ. वर जातंय का?’’

भाची उकिडवी बसली. डोळा शंकूच्या टोकाच्या रेषेत. शंकू सुटला आणि ती ओरडली, ‘‘मामा, हा तर खाली जातोय!’’

खरंच जातो. रूळ फाकत जातात तसा शंकूचा निमुळता भाग त्यांच्यावर येतो आणि मधला फुगवटा दोन रुळांच्या मध्ये खाली खचतो. रूळ जेवढे वर नेतात त्याहून हे खचणं जास्त असतं. म्हणजे आपण बघत असतो रुळांकडे आणि शंकू मुकाट्यानं उतरत असतो. ताई तोवर दुसरीकडे गेलीही होती. संग्रहालयातली सगळ्यात महागडी वस्तू कोणती असं मला कोणी विचारलं, तर मी त्या ताईकडे बोट दाखवीन. यंत्रं काय, पैसे टाकले की येतात.

पैशांवरून आठवलं. पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिच्या इमारतीचं नाव ‘पुलस्त्य’, सप्तर्षींतल्या एकाचं. त्या नावात ‘पु.ल.’ही दडलेले आहेत, कारण इमारतीला पैसा पु.ल. आणि सुनीताबाईंचा. अरविंद गुप्तांनी तिथे कितीतरी वर्षं काड्यापेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान शिकवलं. तिथून परतलेल्या पोरांच्या घरी रद्दी टाकायची चोरी होते, असं ऐकून होतो.

आमच्याकडे नरसाळ्यांवर संक्रांत आली. रात्री भाचीनं रॉकेलच्या जमान्यातली दोन नरसाळी तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीनं जोडली. झाडूच्या दोन काठ्या झाल्या रूळ. जुळलेलं टोक एका पुस्तकावर, फाकलेलं तीन पुस्तकांवर. सोडलं, आणि नरसाळं सरळ उलटं, जुळलेल्या टोकाकडे घरंगळलं. पुन्हा तेच.

‘‘वरळीचं चढतं, आपलं का नाही?’’

मला उत्तर माहीत होतं. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. बहिणीनं डोळे वटारले, म्हणून चहाचा घोट घेतला.

भाची उकिडवी बसली, बराच वेळ काठ्यांच्या रेषेत एक डोळा मिटून बघत राहिली. मग तिनं तीन पुस्तकांतलं एक काढून बाजूला ठेवलं.