आवड की सवड?

यंदा दिवाळीत सगळे नाशिकच्या घरी जमलो होतो. फराळ झाला आणि पाच मिनिटांत घर चिडीचूप! भाचा हेडफोन लावून बीजीएमआयमध्ये (२०२० मध्ये पबजीवर बंदी आली, मग २०२१ मध्ये आलेला हा तिचा भारतीय अवतार). आई मावशीबरोबर लुडो किंगवर. आणि ताई ओट्यापाशी उभी राहून कँडी क्रश खेळतेय.

दाजी म्हणाले, "बायकांना असले गोळ्या जुळवायचेच गेम आवडतात." सगळे हसले. मीही.

मग सहज बघत बसलो. बीजीएमआयची मॅच एकदा सुरू झाली की थांबवता येत नाही. मध्येच उठलात की मेलात. सलग अर्धा तास हाताशी हवा. कँडी क्रश मात्र कुकरची शिट्टी झाली की तसाच सोडायचा, परत आलं की डाव तिथेच. आता सांगा, ही आवड म्हणायची की सवड?

लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॉन्ट्रा दोघांनी मिळून खेळायचा. खरं सांगतो, ताई माझ्यापेक्षा कितीतरी सरस होती. पण दिवेलागणीला हाक यायची ती तिलाच. ती पोळ्या लाटायला गेली की तिचा जॉयस्टिक मी शेजारच्या मित्राला द्यायचो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही कधी.

आईला मात्र सवड मिळाली ती सत्तरीत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती लुडो शिकली. मावशी जळगावला, गुडघ्यांमुळे दोघींचं येणं-जाणं बंद. भाच्याला जिंकायचं असतं. आईला फक्त मावशीची सोंगटी मारून फोनवर खळखळून हसायचं असतं. वयाप्रमाणे मजा बदलते, हे खरंच.

तशी ताईलाही कँडी क्रश मनापासून आवडत असेल. पण ते कळायला आधी तिला मोकळा अर्धा तास मिळायला हवा ना?

पाडव्याला ओट्यापाशी मी उभा राहिलो. भाच्याने तिला बीजीएमआय लावून दिला. पहिल्या डावात ती दोन मिनिटांत मेली. तिसऱ्या डावात मी हाक मारली, "ताई, मीठ कुठंय?"

"थांब रे, आता उठता येत नाही!"

असो. तुमच्या घरी कोणाचा गेम मध्येच थांबतो, बघा एकदा.