भिजलेले रेनकोट आणि पद्मपाणी

जळगावात चित्रकला शिकवत होते तेव्हा दरवर्षी ऑगस्टमध्ये मी नववीच्या मुलांना अजिंठ्याला न्यायची. वाघूर नदीचा धबधबा कोसळत असतो, डोंगर हिरवागार. सहलीला याहून चांगले दिवस कुठले, असं वाटायचं. चपला बाहेर काढून, भिजले रेनकोट तसेच अंगावर घेऊन आम्ही पहिल्या लेण्यात शिरायचो. चाळीस मुलं. आत जाताच माझ्या चष्म्यावर वाफ धरायची. ती पुसून मी भिंतीवरच्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्राविषयी बोलू लागायची.

तीच ओल भिंतही पीत होती, हे मला फार उशिरा उमगलं.

अजिंठ्याची चित्रं थेट दगडावर नाहीत. दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे धागे, वर चुन्याचा पातळ हात, आणि रंगात सरस. बुरशीला आणि कसरीला लागणारं सगळं भिंतीतच आहे. उणी असते ती ओल. श्रावणात चामड्याच्या चपलेवर पांढरी लव येते, ती आपण पुसतो. इथे फडकं फिरवलं तर रंगच हाताला येईल.

औषध फवारूनही भागत नाही. फ्रान्समधली लास्कोची चित्रगुहा 1948 मध्ये लोकांना खुली झाली आणि दिवसाला हजारावर माणसं येऊ लागली. त्यांच्या श्वासानं नि दिव्यांच्या उजेडानं भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं. 1963 मध्ये गुहा बंद झाली. तरी 2001 मध्ये पांढरी बुरशी पसरली. जंतुनाशकं मारली, तर काही वर्षांनी काळे डाग उमटले. आज लोक तिथे प्रतिकृती पाहतात. पहिली 1983 मध्येच उघडली.

आपल्याकडेही अजिंठ्याच्या पायथ्याशी 1, 2, 16 आणि 17 या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या, आणि वीज-पाण्याच्या थकल्या बिलांपायी त्यांना कुलूप लागलं. याचा मला संताप येतो. लेण्यात एका वेळी चाळीसच माणसं सोडायची हा नियम ठीक, पण चाळीस बाहेर पडले की पुढचे चाळीस दारात उभेच असतात. पावसाळ्यात या चार लेण्यांत शाळांच्या सहली नकोतच. प्रतिकृती नीट चालवा, तिथे मुलांना तासन्‌तास बसून रेखाटू द्या. खरा पद्मपाणी हिवाळ्यात, दहा-दहाच्या गटानं दाखवा.

माझी नात यंदा नववीत आहे. तिच्या शाळेची सहल ऑगस्टमध्ये ठरली होती. मुख्याध्यापकांना भेटून मी ती डिसेंबरात न्यायला लावली.