तीन कात्र्या आणि एक कोड रिव्ह्यू

"तीन-तीन जीन्स आणि काम एकच? आपल्या कोड रिव्ह्यूत दोन मिनिटांत उडवलं असतं!" शुक्रवारी जेवताना आमच्या टीममधल्या एका हुशार प्राण्याने हे वाक्य टाकलं आणि सगळे हसले. मीही हसलो. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना, म्हणून ही शनिवारची सकाळ त्याच्या नावावर.

विषय होता ई. कोलाय, आपल्या आतड्यातला जिवाणू. शाळेत 'द्विविभाजन'ची आकृती काढलेली आठवतेय? लांबुळका जिवाणू, मग कंबर बारीक, मग दोन. झालं! त्या आकृतीत कापणाऱ्याचा पत्ताच नाही. जिवाणूभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. साखरेच्या साखळ्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे पेप्टाइडचे दुवे, अशी विणलेली एकसंध पिशवीच म्हणा ना. विभाजनाच्या वेळी मध्ये जी नवी भिंत उभी राहते ती दोन्ही पिल्लांची सामाईक. ती मधोमध चिरल्याशिवाय दोघं सुटी होत नाहीत. हे काम मुख्यतः अ‍ॅमी-ए, अ‍ॅमी-बी आणि अ‍ॅमी-सी ही एन्झाइम्स करतात. साखळीला लटकलेलं पेप्टाइड कापून टाकायचं, बस्स.

यातलं एखादं काढलं तर फारसं बिघडत नाही. तिन्ही काढली तर? २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेच केलं होतं. जिवाणू वाढले, पण सुटेनात! आगगाडीच्या डब्यांसारख्या लांबच लांब माळा.

आणि 'काम एकच' हेही अर्धंच खरं. चुकीच्या जागी कात्री चालली तर आतल्या दाबाने जिवाणू फुटायचा. म्हणून ही एन्झाइम्स कुलूपबंद असतात. ए आणि बी यांची किल्ली एन्व्ह-सी नावाच्या प्रथिनाकडे, सी-ची एनएलपी-डी कडे. त्यात एन्व्ह-सी स्वतः एफटीएस-ईएक्स या जोडगोळीच्या ताब्यात, आणि ती बसलेली असते नेमकी विभाजनाच्या जागी. ह्याला डुप्लिकेट कोड म्हणायचं?

मला राग येतो कारण हा शहाणपणा मीही केलाय. जुन्या फाइल्स साफ करणारे दोन जॉब होते. 'डुप्लिकेट' म्हणून मी एक काढला. काही झालं नाही, शाबासकी मिळाली. काही महिन्यांनी दुसऱ्या कुणीतरी दुसरा काढला. डिस्क भरली, अर्थातच शनिवारी रात्री. एक काढून काही बिघडलं नाही म्हणजे ते फालतू होतं, हा निष्कर्ष काढायला आमच्या धंद्यात दोन मिनिटं पुरतात. खरंय.

बरं, कापणं फक्त विभाजनापुरतंही नाही. हैदराबादच्या सीसीएमबीत मंजुला रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की भिंत वाढवायची तरी आधी जुने दुवे कापून जागा करावी लागते. तिथे वेगळी तीन एन्झाइम्स, मेप-एस, मेप-एम, मेप-एच. तिन्ही गेली की नवा माल भिंतीत बसत नाही आणि जिवाणू फुटून मरतो. त्या पेपरच्या शीर्षकात 'रिडंडंट' आणि 'इसेन्शियल' हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात आहेत. सोमवारी जेवताना ते शीर्षक त्या हुशार प्राण्याला मोठ्याने वाचून दाखवणार आहे.