बोटीवरच्या खोलीत लुगडे

दिवाळी संपली की पावसाळ्यानंतरचा समुद्र निवळतो आणि बोटींच्या सहलींचे दिवस येतात. 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ बोट सुरू झाली, तेव्हापासून गोव्याच्या नि लक्षद्वीपच्या जलप्रवासाच्या गोष्टी आमच्या वऱ्हाडातही पोचल्या आहेत. रात्रीच्या अमरावती-मुंबई एक्स्प्रेसमध्ये बसावे, सकाळी मुंबईला उतरावे, बंदर गाठावे. इतके ते आता सोपे झाले आहे. अवघड आहे ते सामान भरणे!

एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी, भगिनींनो. जुन्या आगबोटींच्या काळी ट्रंकांवर चिठ्ठ्या चिकटवीत: ही खोलीत हवी, ही वाटेत लागेल, ही तळघरात जाऊ द्या. आमच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेली, तो काळ असल्या ट्रंकांचा. आजच्या सहलीच्या बोटीत तळघराची सोय प्रवाशाला नाही. जे न्याल ते सारे तुमच्याच खोलीत येऊन पडते, आणि ती खोली असते सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची, न्हाणीघर धरून!

आमच्या घरी ही मापे कळताच सासूबाईंनी बेतच मोडला. त्या आजही नऊवारीच नेसतात. “त्या डबीत मी लुगडं कसं नेसू वं? पलंगावर उभी राहून? अन् समोर सगळे बसलेले! जा तुम्ही, मी अकोल्याले राहतो पोरीकडं.”

त्यांचे म्हणणे हट्टाचे नव्हते. जन्मभर दार लावून नेसलेल्या बाईला चारचौघांत पदर सोडायला सांगणे, हे सहलीच्या नावाखाली झाले तरी बरे नव्हे. पाचवारी नेसा, गाऊन घाला, असे सुचवणारे घरात निघालेच. मी त्यांना गप्प केले.

मग बैठकीतले सामान हलवून मी खडूने फरशीवर खोली आखली. पलंगांची जागा, कपाट, दार, आणि उरलेली दोन-अडीच फुटांची वाट. सासूबाई त्या वाटेत उभ्या राहिल्या, लुगडे नेसून पाहिले, कासोटा घातला. जागा पुरली! अडचण जागेची नव्हतीच, ती माणसांची होती. तेव्हा खोल्याही तशाच वाटल्या: एकीत आम्ही तिघी, सासूबाई, अकोल्याच्या नणंदबाई आणि मी, दुसरीत पुरुष आणि मुलगा. सकाळी सासूबाईंच्या वेळेला आम्ही दोघींनी वरच्या मजल्यावर चहाला जायचे, हेही ठरले. त्या यायला तयार झाल्या, पण “चार लुगडी नेईन, एकही कमी नाही,” या अटीवर.

चारच्या चार घेतली. आता बाकीच्यांचे कपडे आखडते घेणे आले. आपल्या वऱ्हाडात सकाळी धुतलेले दुपारच्या आत कडकडीत वाळते. त्या भरवशावर समुद्रावर जाऊ नये. तिथली हवा दमट, खोलीची खिडकी उघडत नाही, आणि जाड सुती कपडा दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो. मलमल किंवा पातळ मिश्र सूत न्यावे. आत यंत्राची थंडी असते, म्हणून प्रत्येकी एक शाल. इस्त्री बोटीवर नेऊ देत नाहीत. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत साडी टांगली की घड्या बऱ्याच मोडतात.

ट्रंकेतला शालू काढणार असाल तर आठ दिवस आधी काढून वाऱ्यावर टाका. डांबराच्या गोळ्यांचा वास बंद खोलीत तीन रात्री सोबत करील, दुसरे काय!

पेटीऐवजी मऊ पिशव्या बऱ्या. रिकाम्या झाल्या की एकीत एक घालून पलंगाखाली सरकतात. मी दिवसागणिक बोचकी बांधते: एका माणसाचा एका दिवसाचा सारा जोड, रुमालासकट, एका पंचात. मळके कपडे जुन्या अभ्र्यात. बोटीच्या भिंती बहुधा पोलादी पत्र्याच्या असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार-सहा आकडे न्यावेत. शाली, पिशव्या, ओले टॉवेल त्यांवर अधांतरी राहतात आणि ती अडीच फुटांची वाट मोकळी राहते.

बंदरावर मोठे सामान ताब्यात घेतात, ते खोलीत पोचायला संध्याकाळही होते. म्हणून औषधे, कागदपत्रे आणि अंगावर बदलायचा एक जोड हातातल्या पिशवीत हवा. सासूबाईंच्या हातपिशवीत एक लुगडे, चष्मा आणि जपमाळ होती.

वरच्या मोकळ्या मजल्यावर वारा असा की माझा आणि नणंदबाईंचा पदर पिना लावूनही हाती राहीना. निऱ्या सावरता सावरता आमचे सूर्यास्ताकडे लक्षच नव्हते. सासूबाई मात्र कासोटा घट्ट मारून कठड्याशी उभ्या होत्या. “बघत काय राहिल्या? या इकडं,” म्हणाल्या, “मी धरतो तुमचे पदर.”